फोटोला थोडं टचिंग केलं तर बिघडलं कुठे?

"अगं, थोडंफार एडिटिंग चालतं!" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते कानावर पडलं की हात शिवशिवतात. (लिहायला. मारायला नाही.) थोडंफार म्हणजे नक्की किती? चमचाभर? वाटीभर? स्वयंपाकात "अंदाजाने मीठ" ठीक असतं, कारण जास्त झालं तर पहिल्या घासाला कळतं. फोटोत जास्त झालेलं बहुतेक वेळा कळतच नाही. तिथेच तर सगळी गोम आहे.

या विषयावर आपल्या मंडळींत दोन गट आहेत. पहिला गट सोवळ्यातला. यांच्या फोटोखाली ठळक लिहिलेलं असतं, "कॅमेऱ्यातून निघाला तसाच, एडिटिंग शून्य." जणू काही एडिट केलेल्या फोटोला शिवलं तर आंघोळ करावी लागेल. दुसरा गट म्हणतो की फोटोग्राफी ही कला आहे, कलावंताला सगळं माफ, चंद्र हवा तर चंद्र आणा, वीजेच्या तारा नको तर पुसून टाका, प्रश्न विचारणारे तुम्ही कोण?

माझं भांडण दोघांशीही आहे. "किती" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. तो का चुकीचा आहे आणि त्याच्या जागी कोणता प्रश्न विचारायला हवा, हे आज जरा सविस्तर लिहिते. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सोवळ्यातल्या मंडळींचा समाचार घेऊ.

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक खाचे असतात. बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांत प्रत्येक खाच्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची काच असते. म्हणजे तो खाचा एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग कॅमेरा आजूबाजूच्या खाच्यांकडे बघून, हिशोब करून भरतो. थोडक्यात, तुमच्या त्या "शून्य एडिटिंग" फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती मुळात अंदाजपंचे (बरं, अतिशय हुशार अंदाजपंचे) आहे. त्यानंतर कॅमेराच ठरवतो की पांढरं कशाला म्हणायचं, सावल्या किती काळ्या ठेवायच्या, कडा किती धारदार करायच्या. हे निर्णय कोणी घेतले? कॅमेऱ्याच्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी. "मी एडिट करत नाही" याचा अर्थ इतकाच की "माझ्या वतीने कोणीतरी परदेशात बसून एडिट करतो आणि मला ते मान्य आहे."

"फिल्मच्या काळात असं नव्हतं" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. रेलॅन्डर नावाच्या फोटोग्राफरने १८५७ साली तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच भलंमोठं चित्र बनवलं होतं. त्याच दशकात फ्रान्समध्ये ल ग्रे समुद्राचा एक निगेटिव्ह आणि आभाळाचा दुसरा निगेटिव्ह जोडून प्रिंट काढायचा, कारण तेव्हाच्या रसायनांना दोन्ही एकदम नीट टिपता यायचं नाही. आणि १९९० साली बाजारात आलेली वेल्व्हिया फिल्म आठवते का? निसर्गाचे फोटो काढणारे तिच्यावर जीव टाकायचे, कारण ती हिरव्याला जास्तच हिरवं करायची. ती कॅमेऱ्यात भरली की शटर दाबायच्या आधीच एडिटिंग होऊन जायचं.

आणि सगळ्यांचे गुरू अॅन्सेल अॅडम्स! १९४१ साली न्यू मेक्सिकोत त्यांनी एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला, "मूनराइज". जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या फोटोंपैकी एक. त्याचा साधा, काहीही न करता काढलेला प्रिंट बघितला तर आभाळ फिकट दिसतं, ढगांचे पुंजके दिसतात. अॅडम्स वर्षानुवर्षं तो फोटो पुन्हा पुन्हा प्रिंट करत राहिले आणि दरवेळी आभाळ अधिकाधिक काळं करत गेले. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे प्रत्यक्ष मैफल, असं ते म्हणायचे. ते स्वतः पियानो शिकलेले होते, त्यामुळे ही उपमा त्यांनाच शोभते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बंदिश एकच, पण यमन रोज वेगळा.

तेव्हा सोवळं सोडा. हात न लावलेला फोटो नावाची वस्तू अस्तित्वात नाही आणि कधी नव्हती.

हे ऐकून दुसरा गट लगेच टाळ्या पिटायला लागतो. "बघा, अॅडम्सनेसुद्धा केलंय, मग आम्हीच का नाही?" थांबा जरा. अॅडम्सनी आभाळ काळं केलं, पण चंद्र बाहेरून आणला नाही. चंद्र तिथे होता, खेडं तिथे होतं, थडग्यांवरच्या क्रुसांवर पडलेलं शेवटचं ऊन तिथे होतं. आणि एका फोटोत त्यांनी एक गोष्ट खरोखरच पुसली होती. लोन पाइन गावाजवळच्या १९४४ च्या फोटोत डोंगरावर तिथल्या शाळेच्या पोरांनी चुन्याने काढलेली "एल पी" ही अक्षरं होती. ती त्यांनी काढून टाकली. काढलीच, पण पुढे स्वतःच्या पुस्तकात तसं लिहूनही ठेवलं. लोकांनी त्यावरून नावं ठेवली, तरी त्यांनी लपवलं नाही. माझ्या मते त्यांनी ती अक्षरं पुसायला नको होती. पण पुसणारा आणि पुसून वर सांगणारा यांच्यात मी फरक करते. तो का करते, ते पुढे कळेल.

आता "कलेला सगळं माफ" वाल्यांसाठी काही नमुने.

स्टालिनच्या शेजारी कालव्याच्या काठी उभा असलेला येझोव्ह हा त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९४० मध्ये त्याला गोळी घातली आणि मग फोटोतूनही तो गेला. त्याच्या जागी पाणी दिसतं. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिओग्राफिकने गीझाचे पिरॅमिड मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसवायला जवळजवळ सरकवले (फोटोशॉप बाजारात यायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता!). २००३ साली इराक युद्धात लॉस एंजेलिस टाइम्सच्या ब्रायन वॉल्स्कीने बसराजवळ एकापाठोपाठ काढलेले दोन फोटो जोडून एक केला. एकातला सैनिक चांगला होता, दुसऱ्यातला बाळ घेतलेला माणूस. मागच्या गर्दीतली काही माणसं दोनदा दिसली, आणि नोकरी गेली. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईतल्या पुराची पंतप्रधान हवाई पाहणी करत असतानाचा फोटो आपल्या पत्र सूचना कार्यालयाने टाकला, त्यात विमानाच्या खिडकीत वेगळंच स्वच्छ दृश्य चिकटवलेलं होतं. लोकांनी पकडलं, फोटो काढून घ्यावा लागला.

आणि २०२३ ची ती घटना. २८ मे रोजी दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीगीर मुलींना पोलिसांनी बसमध्ये कोंबून नेलं. विनेश आणि संगीता फोगाट यांचा त्या बसमधला सेल्फी थोड्याच वेळात सगळीकडे फिरायला लागला. पण दोन रूपांत! एकात चेहरे गंभीर, दुसऱ्यात सगळे छान हसतायत. हसरा फोटो एका अॅपवर बनवलेला होता. आता मला सांगा, त्यात किती एडिटिंग झालं होतं? ओठांचे कोपरे जरासे वर आणि गालावर दोन खळ्या. टक्केवारी काढली तर फोटोचा एक टक्काही बदलला नसेल. अॅडम्सनी तर अख्खं आभाळ बदललं होतं. "थोडंफार चालतं" या न्यायाने अॅडम्स गुन्हेगार आणि हसू चिकटवणारा निर्दोष ठरतो. आता कळलं ना "किती" हा प्रश्न का चुकीचा आहे ते?

अजून पटत नसेल तर उलटी उदाहरणं घ्या. एका ठिपक्यालाही हात न लावता खोटं बोलता येतं. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत बेल्जियममधल्या शार्लरुआ या गावाच्या अवस्थेवरच्या फोटोमालिकेला पहिलं बक्षीस मिळालं आणि नंतर काढून घेतलं. कारण? त्यातला एक फोटो त्या गावातला नव्हताच, ब्रुसेल्समधला होता. फोटो अस्सल, खालची ओळ खोटी. त्याआधी २००९ साली वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता. पुढच्या वर्षी परीक्षकांनी बक्षीस रद्द केलं, कारण त्यांच्या मते तो लांडगा माणसाळवलेला होता. फोटोग्राफरने ते नाकारलं, पण निर्णय बदलला नाही. इथेही एडिटिंगचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता की बघणाऱ्याला काय सांगितलं.

तर माझा मुद्दा असा आहे. फोटो बघणाऱ्याला न बोलता एक शब्द देत असतो: "हे असं, त्या वेळी, कॅमेऱ्यासमोर होतं." चित्र तसा शब्द देत नाही. राजा रविवर्म्याची लक्ष्मी कमळात खरोखर उभी होती का, असं कोणी विचारत नाही. पण नातवाच्या बारशाचा फोटो बघताना आपण गृहीत धरतो की त्या दिवशी एवढी माणसं आली होती. एडिटिंग करा, खुशाल करा, पण दिलेला शब्द मोडत असाल तर एक तर तो मोडू नका, किंवा शब्द देत नसल्याचं आधीच सांगा.

आणि हे ओळखायचं कसं? माझी एक साधी कसोटी आहे. फोटोला जे काही केलं ते फोटोखाली एका ओळीत लिहायचं. "सावल्या उजळल्या, थोडा क्रॉप केला." लिहायला काही वाटलं का? नाही. मग झालं तर. "आभाळ दुसऱ्या दिवशीचं आहे." जरा जड जातंय का? मग लिहाच. "हिचा रंग दोन शेड उजळ केला." हे लिहायची हिंमत आहे का? नसेल तर ते करूही नका. जी गोष्ट लिहायला लाज वाटते ती बघणाऱ्यापासून लपवायचीच होती, हे आपल्यालाही आतून माहीत असतं.

आता आपल्या गल्लीत येऊ, कारण स्टालिनला शिव्या देणं सोपं आहे.

आपल्या ट्रेकर आणि फोटोग्राफर ब्लॉगर मित्रांनो, तुमच्याशी बोलतेय. दिवेघाटातला वारीचा फोटो. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना घाटात वळणावळणाने पताकांची रांग दिसते. मुळात ते दृश्य इतकं देखणं आहे की काही करायची गरज नाही. पण दरवर्षी आषाढ आला की ज्या प्रकारचे फोटो बघायला मिळतात त्यात भगवा असा की डोळे दिपावे, आणि ढग असे की आत्ता प्रलय येणार. वीजेच्या तारा गायब. वारकऱ्याच्या हातातली प्लास्टिकची बाटली गायब. का हो? तो बाटलीतलंच पाणी पितो ना? घाटात तारा आहेत ना? आजची वारी आजच्या रस्त्यावरून जाते. तारा पुसून तुम्ही तिला कुठल्या शतकात पाठवताय?

कास पठाराचं तेच. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसा मिळाला आणि त्यात कास आलं. गर्दी वाढली, फोटो वाढले आणि सॅच्युरेशनचा दांडा उजवीकडे सरकत गेला. कासची बरीचशी फुलं बोटाच्या पेराएवढीही नसतात. सीतेची आसवं बघायची तर गुडघ्यावर बसून वाकावं लागतं. पण फोटो बघून जाणाऱ्याला वाटतं की गालिचा अंथरलाय, निऑन जांभळ्या रंगाचा. मग तो तिथे जातो, "एवढंच?" म्हणतो आणि फोटोतला रंग जवळून दिसेल म्हणून फुलांत पाय टाकतो. ज्याला खरं कास दाखवलं असतं तो कदाचित वाकून बघायला शिकला असता.

भिगवणचे रोहित पक्षी घ्या. तिथे मुख्यतः मोठा रोहित दिसतो, अंगाने बराचसा पांढरा, पंख उघडले की आतली लाली दिसते. ते पंख उघडण्यातच तर सगळी गंमत आहे! फोटोत मात्र सगळा थवा गुलाबी आइस्क्रीमसारखा. आणि किल्ल्यांवरच्या आकाशगंगा! बुरूज एका एक्स्पोजरमध्ये आणि आकाश दुसऱ्यात घेऊन जोडणं याला माझी ना नाही, कॅमेऱ्याची मर्यादाच तशी आहे (ल ग्रे आठवा), फक्त तसं लिहा. पण "३१ डिसेंबरची रात्र, गडावर" म्हणून आकाशगंगेचा तो तेजस्वी मधला भाग दाखवणाऱ्याला काय म्हणावं? डिसेंबर संपताना सूर्य धनु राशीत असतो आणि आकाशगंगेचा मध्यही त्याच बाजूला. म्हणजे तो भाग दिवसा डोक्यावर असतो, रात्री नाही. अहो, निदान पंचांग तरी बघायचं!

"पण यात कोणाचं नुकसान होतं?" असं विचाराल. सांगते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कधीकधी इंद्रवज्र दिसतं. खाली दरीत धुकं, पाठीशी सूर्य, आणि समोर धुक्यावर गोल इंद्रधनुष्य, त्याच्या मधोमध आपलीच सावली. कर्नल साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ साली याबद्दल लिहून ठेवलंय. फोटोग्राफीची घोषणा १८३९ ची, म्हणजे त्याच्याजवळ पुरावा शून्य, नुसते शब्द. तरी लोकांनी विश्वास ठेवला. आज एखाद्या पोराने पहाटे उठून, तासन्‌तास थांबून त्याचा अस्सल फोटो काढला तर पहिली प्रतिक्रिया काय येते? "फोटोशॉप आहे का?" आणि आता तर, "एआय आहे का?" सगळ्यांनी मिळून थोडं थोडं खोटं बोलल्यामुळे खरं बोलणाऱ्या पोराला आता शपथ घ्यावी लागते. नुकसान झालं ते त्याचं.

असो. आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे वळते. नातेवाईक मंडळी, आता तुमची पाळी.

आमच्या घरातल्या एका लग्नाचा अल्बम आला. माझ्या मावसबहिणीचं लग्न. ती सावळी आहे, आमच्या आजीसारखी, आणि अतिशय सुंदर दिसते. अल्बममधली नवरी गोरीपान आहे. स्टुडिओवाल्याने न विचारता, "पॅकेजमध्येच" करून दिलेलं. मेंदीच्या पानावर तर कमाल, हातांना हात लावायचा विसरून गेला, त्यामुळे चेहरा एका बाईचा आणि हात दुसरीचे. मी बोलले तर एक काकू म्हणाल्या, "अगं, चांगलीच दिसतेय की! लग्नाचा फोटो आहे, एवढं चालतं." बहीण काहीच बोलली नाही. ती गप्प बसली ते मला सगळ्यात जास्त लागलं.

स्टुडिओवाल्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही, हेही कबूल. हा धंदा जुना आहे. काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलने रिटचिंग करणारे कारागीर असायचे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की तिथून प्रकाश कमी जातो आणि प्रिंटमध्ये ती जागा उजळते. सुरकुती गेली, डाग गेला, आणि जरा जास्त हात फिरला की रंगही गेला. आपल्याकडे फोटो हाताने रंगवायची परंपराही जुनी आहे. पण तो रंगवलेला फोटो बघताच रंगवलेला कळायचा. स्टुडिओत सगळ्यांना होणारा तो एकच काळा कोट असायचा ना, तोही सगळ्यांना ठाऊक होता. आजोबांच्या फोटोतला कोट आजोबांचा नाही यावर घरात विनोद व्हायचे. ते खोटं उघड्यावर होतं. आजचं खोटं कळत नाही, न सांगता होतं, आणि बहुतेक वेळा एकाच दिशेने होतं. सावळ्याकडून गोऱ्याकडे.

१९९४ साली अमेरिकेत ओ. जे. सिम्प्सनला अटक झाली तेव्हा टाइम साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याचा पोलिसांनी काढलेला फोटो अधिक काळा करून छापला. त्याच आठवड्यात न्यूजवीकने तोच फोटो जसाच्या तसा छापला. स्टॉलवर दोन्ही शेजारी शेजारी! केवढा गदारोळ झाला, कारण लोकांनी बरोबर ओळखलं की काळं करणं म्हणजे "हा माणूस वाईट" असं न बोलता बोलणं आहे. मग सांगा, नवरीला गोरं करणं म्हणजे न बोलता काय बोलणं आहे? "तू होतीस तशी या अल्बममध्ये चालणार नाहीस", असंच ना? फेअर अँड लव्हलीने सुद्धा २०२० मध्ये नावातलं "फेअर" काढून टाकलं. आपल्या अल्बममधून ते कधी निघणार?

स्थळासाठी पाठवायच्या फोटोबद्दल तर बोलायलाच नको. तिथे दोन फसवणुकी एकदम होतात. बघणाऱ्यांची एक, आणि त्या मुलीची दुसरी, जिला आधीच सांगून टाकलं की तुझ्या खऱ्या चेहऱ्याला कांदेपोह्यांपर्यंतही प्रवेश नाही.

"मग काय, पिंपलसुद्धा काढायचा नाही का?" काढा की! जे आठवड्याभरात आपोआप जाणार होतं ते फोटोतून गेलं तर काही बिघडत नाही. पिंपल, दातात अडकलेली कोथिंबीर, खांद्यावर पडलेलं अक्षतांचं कुंकू. पण तीळ राहू दे. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खूण राहू दे. आणि रंग तर राहूच दे. जे माणसाबरोबर कायम आहे ते फोटोतही कायम. "आणि स्वतःचाच फोटो स्वतः गोरा केला तर?" तुमचा चेहरा, तुमची मर्जी. मी वाईट वाटून घेईन, पण अडवणार नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्याला मात्र विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

"आम्ही काही करत नाही, फोनच करतो" हा नवा बहाणा. अर्धा खरा आहे. २०२३ मध्ये एकाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने फोटो काढला, तर फोनने मूळ चित्रात नसलेले बारकावे भरून दिले! त्याच वर्षी गूगलच्या फोनमध्ये अशी सोय आली की लागोपाठच्या फोटोंतून प्रत्येकाचा हसरा चेहरा निवडून एकच ग्रुप फोटो बनवता येतो. म्हणजे सगळे हसतायत असा एकही क्षण झालाच नसला तरी चालेल. म्हणून तर आता डोळे उघडे ठेवायचे. बऱ्याच फोनमध्ये चेहरा "सुंदर" करायची सेटिंग असते, ती शोधून बंद करता येते. २०२४ च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या युवराज्ञीने मुलांबरोबरचा घरगुती फोटो प्रसिद्ध केला, त्यात मुलीची बाही अर्धवट नाहीशी झालेली होती. मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी तो फोटो मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिला माफी मागावी लागली. लोक हसले. मला वाटलं, बरं झालं. घरगुती फोटोसुद्धा शब्द देतो, हे जगाला एकदा तरी आठवलं.

कायद्याने काही होईल का? फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बारीक-जाड केलं तर तसं लिहावं लागतं. नॉर्वेने २०२२ पासून त्वचेतला बदलही त्यात धरला. चांगलंच आहे. फोटोचा सगळा प्रवास फाइलबरोबरच नोंदवून ठेवणारे कॅमेरेही २०२३ पासून येऊ लागलेत. पण यातलं काहीही आपल्या घरच्या अल्बमपर्यंत पोचणार नाही. तिथे कायदा आपणच.

आणि शेवटचं. हल्ली घरच्या ग्रुपवर जुने फोटो "दुरुस्त" करून यायला लागलेत. आजीचा एकच तरुणपणीचा फोटो, फाटका, धूसर. कोणीतरी हौसेने एआयला दिला आणि लखलखीत करून आणला. सगळ्यांनी हात जोडले, बदाम पाठवले. मी नीट बघितलं. नाक जरा सरळ झालंय. डोळे कोणाच्या तरी दुसऱ्याच बाईचे आहेत. लुगड्याचा रंग मशीनने ठरवलाय, आम्हाला कोणालाच माहीत नाही तो काय होता. आणि रंग? अर्थातच उजळलाय. धूसर फोटोत आजी होती, थोडीशीच, पण तीच होती. या नव्या फोटोत एक छान बाई आहे, जी कधी जगलीच नाही. अजून वीस वर्षांनी मूळ कागद वाळवीने खाल्ला आणि हाच फोटो उरला, तर माझ्या भाच्या-पुतण्या त्या बाईला पणजी म्हणून नमस्कार करतील.

म्हणून हात जोडून चार विनंत्या. मूळ फोटो कधीही टाकून देऊ नका, दुरुस्त केलेला वेगळा ठेवा आणि त्याच्यावर तसं लिहा. काय केलं ते एका ओळीत सांगा. दुसऱ्याच्या चेहऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि लग्न ठरलं की स्टुडिओवाल्याला, हॉल आणि केटररच्या आधी, स्पष्ट बजावा: "रंगाला हात लावायचा नाही." पैसे आपण देतो, आपलं ऐकतो तो.

काकू, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे. रागावू नका. रागावलात तरी चालेल, फोन करा, भांडू. पण मावशीकडे त्या अल्बमची मूळ फाइल अजून आहे का, तेवढं विचारून ठेवा. मला त्यातले दहा फोटो काढून बहिणीला द्यायचेत.